रिकाम्या ओळी उडवा, पण रिकामी म्हणजे कुठली ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघा. नेरूळची सोसायटी, चार विंग, ११२ फ्लॅट आणि खाली ६ गाळे. मेंटेनन्सची गूगल शीट आधीच्या सेक्रेटरींकडून तुमच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक विंगनंतर पाच-दहा ओळी मोकळ्या सोडल्यात, मधेमधेही कुठे कुठे रिकाम्या ओळी आहेत. फिल्टर लावला की फक्त ए विंग दिसते, सॉर्ट केलं की पहिला गठ्ठाच हलतो, आणि ३० सप्टेंबरच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, असल्यामुळे तुम्हाला सगळ्या रिकाम्या ओळी एका फटक्यात काढायच्यात. बरोबर?

एका फटक्यात निघतात. मी राहते ठाण्यात, वर्तकनगरच्या बाजूला, नोकरी घणसोलीला, सतरा वर्षं एमआयएसचंच, म्हणजे शीटवर कंपनीचे रिपोर्ट बनवायचं काम करते. ऐरोलीला ट्रेनमध्ये बसून ठाण्याला उतरेपर्यंत जेवढा वेळ लागतो ना, त्याच्याही आत हे काम होतं. पण म्हणूनच जरा थांबा म्हणते, कारण ओळ काढणं सोपंच आहे, अवघड काय तर कुठली ओळ खरंच रिकामी आहे आणि कुठली नुसती रिकामी दिसतेय हे ओळखणं. यात मी स्वतः तोंडावर आपटलेय, ते पुढे सांगते.

आधी तुमचा फिल्टर ए विंगलाच का अडकतो ते. तुम्ही एका सेलवर क्लिक करून फिल्टर लावता तेव्हा शीट आपली आपणच अंदाज बांधते की डेटा कुठून कुठपर्यंत आहे, आणि पूर्ण रिकामी ओळ लागली की तिला वाटतं संपलं. म्हणजे बी, सी, डी विंग फिल्टरच्या हद्दीतच नाहीत. सॉर्टचं तेच, कंट्रोल ए एकदा दाबलं तर त्याचंही तेच. त्यामुळे रिकाम्या ओळी काढायला म्हणून जो फिल्टर लावायचा तोच पहिल्या रिकाम्या ओळीशी थांबतो आणि माणूस म्हणतो ह्यात तर ब्लँक्स दिसतच नाहीयेत. ऑफिसमध्ये नवीन मुलं दर सहा महिन्यांनी हा प्रश्न घेऊन येतात.

उपाय साधा आहे, सेलवर नाही, कॉलमच्या अक्षरांवर क्लिक करा. वरच्या ए वर क्लिक, शिफ्ट दाबून एच वर क्लिक, म्हणजे आठही कॉलम टोकापर्यंत सिलेक्ट, मग डेटा मेन्यूतून क्रिएट अ फिल्टर. आता फिल्टर शेवटच्या ओळीपर्यंत लागला. मधे उभे मर्ज केलेले सेल असतील तर शीट कुरकुर करेल, ते आधी अनमर्ज करा. 'ए विंग' असं आडवं मर्ज करून हेडिंग टाकलेलं असेल तर त्याने काही अडत नाही, ते नंतर बघू.

पण फिल्टरला हात लावायच्या आधी दोन गोष्टी. फाईल मेन्यूत व्हर्जन हिस्टरी आहे, त्यात नेम करंट व्हर्जन करून 'साफसफाईच्या आधी' असं काहीतरी नाव द्या. आणि मेक अ कॉपी करून पहिला प्रयोग कॉपीवर करा. दुसरं म्हणजे कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगून ठेवा की अर्धा तास कोणी शीट उघडू नका. शीटवरचा साधा फिल्टर सगळ्यांनाच दिसतो, तुम्ही फक्त ब्लँक ओळी दाखवल्यात आणि त्याच वेळी खजिनदारांनी फोनवर शीट उघडली तर त्यांना पूर्ण कोरी शीट दिसेल आणि पुढच्या मिनिटाला तुमचा फोन वाजेल, सगळा डेटा गेला म्हणून. आमच्याकडे झालंय. फिल्टर व्ह्यू म्हणून वेगळा प्रकार आहे जो फक्त आपल्यालाच दिसतो, बघण्यापुरता तो चांगला, पण त्यातून ओळ डिलीट केली तर ती सगळ्यांचीच जाते हे विसरू नका.

आता तो किस्सा. आमच्या सोसायटीच्या सभासद यादीचं हेच काम माझ्याकडे आलं, मी म्हटलं दहा मिनिटांचं काम. फ्लॅट नंबरच्या कॉलमला फिल्टर, क्लिअर, ब्लँक्सवर टिक, सगळ्या ओळी सिलेक्ट, डिलीट, चहा. एजीएमला यादी छापून दरवाजात लावली तर एक आजोबा चष्मा वर करून बघतायत आणि मला म्हणतात, "अगं, माझ्या बायकोला कुठे उडवलंस?"

काय झालं होतं, तर जॉइंट ओनर. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला की यादी करणारा माणूस पहिल्या ओळीत फ्लॅट नंबर आणि पहिलं नाव टाकतो, आणि खालच्या ओळीत नुसतं दुसरं नाव, फ्लॅट नंबर परत कशाला लिहा म्हणून तो सेल कोरा. माणसाला ते वाचताना कळतं, शीटला नाही कळत. मी फ्लॅट नंबर कोरा म्हणजे ओळ कोरी असं धरलं आणि नऊ जणं उडवली, त्यातल्या आठ बायका. व्हर्जन हिस्टरीत जुनी प्रत होती म्हणून निभावलं, पण आजोबा अजून लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, यादीत आहे ना गं आमची ही?

तर ताई, तुमच्या यादीतही हे असणार, शंभर टक्के असणार, कारण तुम्हीच लिहिलंय की काही फ्लॅटना दोन-दोन ओळी आहेत. आय आणि जे नमुन्याची, म्हणजे सभासदांची अधिकृत रजिस्टरं याच यादीवरून भरत असाल तर फारच जपून. त्यामुळे नियम एकच, एका कॉलमवरून ओळ रिकामी ठरवायची नाही, पूर्ण ओळीला विचारायचं. (एक्सेलमध्ये गो टू स्पेशल, ब्लँक्स असा रस्ता आहे, एंटायर रो म्हटलं की ओळीत एक जरी सेल कोरा असला तरी आख्खी ओळ जाते. इंटरनेटवर तोच सल्ला भरभरून दिलेला असतो. गूगल शीटमध्ये ती सोय नाही, नाहीये तेच बरं.)

पूर्ण ओळीला विचारायचं कसं, तर शेवटी एक मदतीचा कॉलम घ्यायचा. तुमचा डेटा ए ते एच आहे, मग जे कॉलममध्ये दुसऱ्या ओळीत लिहा =काउंटए(ए२:एच२), टाईप अर्थातच इंग्लिश अक्षरांत करायचं. ओळीत किती सेल भरलेले आहेत ते येतं, शून्य आलं म्हणजे सगळी कोरी. आता हा फॉर्म्युला खालपर्यंत न्यायचा, आणि इथे परत तोच सापळा. कोपऱ्यातल्या ठिपक्यावर डबल क्लिक केलं तर तो शेजारचा डेटा बघत खाली जातो आणि पहिल्या रिकाम्या ओळीशी थांबतो. म्हणून जे२ वर उभं राहून कंट्रोल शिफ्ट आणि खालचा बाण, जे कॉलम खाली कोराच आहे त्यामुळे थेट तळापर्यंत सिलेक्ट होईल, मग कंट्रोल डी. झालं. फिल्टर आधी ए ते एच लावला असेल तर तो काढून ए ते जे असा परत लावा, जे मध्ये फक्त ० वर टिक ठेवा, आणि समोर ज्या ओळी आल्या त्या लगेच डिलीट करू नका, एकदा डोळ्याखालून घाला. तीस सेकंद लागतात.

मग डावीकडे ओळीच्या आकड्यावर पहिल्या दिसणाऱ्या ओळीला क्लिक (हेडिंगला नाही हं), खाली जाऊन शेवटच्या ओळीला शिफ्ट क्लिक, राईट क्लिक, डिलीट सिलेक्टेड रोज. फिल्टरने लपवलेल्या ओळींना धक्का लागत नाही, दिसतात तेवढ्याच जातात. पण कोणी हाताने हाईड केलेल्या ओळी असतील तर त्यांचा भरवसा धरू नका, आधी सगळं अनहाईड करून घ्या. कीबोर्डवरचं डिलीट बटण दाबू नका, त्याने नुसता मजकूर पुसला जातो, ओळ तिथेच राहते. किंबहुना तुमच्या शीटमध्ये मधेमधे ज्या रिकाम्या ओळी आहेत त्यातल्या निम्म्या अशाच जन्मल्या असणार, कोणी फ्लॅट विकून गेला, सेक्रेटरींनी नाव पुसलं, ओळ राहिली.

आता गंमत पुढे आहे. शून्य लावून सगळं काढलं तरी चार-पाच ओळी दिसायला कोऱ्या आणि काउंटए मात्र १ सांगतोय असं होतं. त्या ओळी भुताटकी नाहीत, त्यात काहीतरी आहे. बहुतेक वेळा कोणीतरी पुसायचं म्हणून स्पेसबार दाबलेला असतो, फोनवरून एडिट करणारे हे फार करतात. किंवा सेलमध्ये फॉर्म्युला असतो ज्याचं उत्तर कोरं आहे, म्हणजे 'थकबाकी असेल तर दाखव, नसेल तर काही दाखवू नको' असला, तो दिसत नाही पण काउंटए त्याला मोजतो. अशा वेळी फॉर्म्युला बदला, =लेन(ट्रिम(कॉन्कॅटिनेट(ए२:एच२))). म्हणजे ओळीतलं सगळं एकत्र चिकटव, फालतू स्पेस काढ आणि किती अक्षरं उरली ते सांग. शून्य म्हणजे खरी कोरी. मी आता सरळ हाच वापरते, काउंटए फक्त समजवायला सांगितला.

तरीही एखादी ओळ १ दाखवत राहिली तर वेबसाईटवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेली स्पेस असते, ती साधी स्पेस नसते, तिचा कोड १६० असतो आणि ट्रिमला ती ऐकत नाही. त्या सेलवर जाऊन ती स्पेस कॉपी करा, फाईंड अँड रिप्लेसमध्ये शोधायच्या जागी पेस्ट करा, बदलायची जागा रिकामी सोडा. पण 'ऑल शीट्स' नको आणि फक्त ज्या ओळी दिसायला कोऱ्या आहेत तेवढीच रेंज द्या, नाहीतर नावांच्या मधल्या तसल्या स्पेसही जातील आणि आडनाव नावाला चिकटेल.

आणि चेकबॉक्स! तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये जी कॉलमला 'पावती दिली' म्हणून चेकबॉक्स दिसतायत. टिक नसलेला चेकबॉक्स म्हणजे कोरा सेल नव्हे, त्याच्या आत फॉल्स अशी किंमत असते. आधीच्या सेक्रेटरींनी तो कॉलम वरून खालपर्यंत १००० ओळी चेकबॉक्सने भरून टाकला असेल, सगळेच टाकतात, तर काउंटए प्रत्येक ओळीत १ दाखवेल, लेनवाला तर ५ दाखवेल कारण फॉल्सची इंग्लिशमध्ये पाच अक्षरं, आणि तुम्हाला वाटेल एकही ओळ रिकामी नाही. उपाय म्हणजे चेकबॉक्सचा कॉलम रेंजमधून वगळा. तुमच्या बाबतीत ए ते एफ पुरे, एच मधला शेरा हवा असेल तर कॉन्कॅटिनेटच्या कंसात ए२:एफ२ नंतर स्वल्पविराम देऊन एच२ टाका.

काहीजण सांगतील की एवढं कशाला, सरळ सॉर्ट करा. खरंय, चढता काय उतरता काय, कोरे सेल तळाला जातात. पण तुमच्या यादीत जॉइंट ओनरची ओळ फ्लॅट नंबराशिवाय आहे, ती पण तळाला जाणार आणि मग कोणाची बायको कोणत्या फ्लॅटची हे जुळवत बसा. आणि १०१ नंबर चारही विंगमध्ये आहे! सॉर्ट करायचंच तर आधी एक अनुक्रमांकाचा कॉलम टाका, १, २, ३ असे साधे आकडे, फॉर्म्युल्याने नको, नाहीतर सॉर्टबरोबर आकडेही परत मोजले जातात आणि जुना क्रम हातातून जातो. रिमूव्ह डुप्लिकेट्स वापरा असंही कोणी म्हणेल, त्याने कोऱ्या ओळींपैकी एकच उरते हे खरं, पण एकाच तारखेला एकाच फ्लॅटने दोनदा सारखीच रक्कम भरली असेल तर त्यातली एक पण गुपचूप जाते. मेंटेनन्सच्या शीटला मी हे कधीच लावणार नाही.

मूळ शीटला हातच लावायचा नसेल, म्हणजे खजिनदार जुन्याच पद्धतीने भरत राहणार असतील (असणारच, कोणाची सवय मोडायला जाऊ नका), तर दुसऱ्या टॅबवर फिल्टर फंक्शन वापरा. =फिल्टर(शीट१!ए२:एच, शीट१!सी२:सी<>""), सी मध्ये नाव आहे असं धरून. नाव मात्र जॉइंट ओनरच्या ओळीतही असतं, म्हणून मी सी म्हटलं, फ्लॅट नंबर नाही म्हटला. छापायला, बघायला ही टॅब, लिहायला ती. माझ्या मते ज्या शीटमध्ये चार हात आहेत तिथे हाच शहाणपणाचा मार्ग.

तळाच्या ओळींचं फार मनावर घेऊ नका. नवीन शीट येतेच १००० ओळी आणि २६ कॉलम घेऊन, म्हणजे २६,००० सेल, आणि पूर्ण फाईलची मर्यादा १ कोटी सेल आहे, २०२२ च्या आधी ५० लाख होती. कोरे सेलही त्यात धरले जातात, पण ११८ युनिटच्या सोसायटीला ती भीती नाही. तरी वरच्या पद्धतीत तळाच्या पण शून्यवाल्या ओळी फिल्टरमध्ये येतात आणि जातात, गेल्या तर जाऊ द्या, सगळ्यात खाली हव्या तेवढ्या ओळी वाढवायचं बटण आहेच. शीट स्लो होण्याचा त्रास होतो तो कोणीतरी चुकून वीस-तीस हजार ओळी वाढवून त्यावर फॉर्म्युले ओढून ठेवलेत अशा ठिकाणी.

दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट पेस्ट करता म्हणालात, त्यात पण हाच घोळ असतो. नरेशन, म्हणजे व्यवहाराचं वर्णन, लांब असलं की ते खालच्या ओळीत सांडतं, तिथे तारीख कोरी, रक्कम कोरी, फक्त युपीआयचा अर्धा नंबर. तारीख कोरी म्हणून ती ओळ काढलीत तर पैसे कोणत्या फ्लॅटचे हे सांगणारा तुकडाच गेला. तिथेही पूर्ण ओळीलाच विचारा. दर महिन्याचं आहे म्हणून मॅक्रो (केलेल्या क्लिक जशाच्या तशा परत करणारी सोय) रेकॉर्ड करायचा मोह होईल, करू नका, तो ओळींचे नंबर लक्षात ठेवतो, रिकामी कुठली हे नाही, पुढच्या महिन्यात भरलेली ओळ उडवेल. ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटसाठीचा छोटा प्रोग्राम, लिहून देणारं कोणी घरात असेल तर त्याला एवढंच सांगा की लूप खालून वर चालव. वरून गेलं की पाचवी ओळ काढल्यावर सहावी पाचवी होते आणि स्क्रिप्ट सहाव्याकडे निघून जाते, दोन रिकाम्या ओळी लागून असल्या की दुसरी तशीच राहून जाते.

ओळी गेल्या की कुठे रेफ असा एरर दिसतोय का बघा, कोणीतरी काढलेल्या नेमक्या त्या सेलचा पत्ता फॉर्म्युल्यात दिलेला असतो. आणि प्रत्येक विंगच्या खाली 'एकूण' ची ओळ असेल तर मोठी बेरीज दुप्पट येईल, मधल्या बेरजा पण त्यात मोजल्या जातात म्हणून. त्या ओळी काढा, किंवा विंगची आणि शेवटची, दोन्हीकडे समऐवजी सबटोटल वापरा, ९ नंबरचा, तो आतल्या सबटोटलना मोजत नाही आणि फिल्टर लावलात तर दिसणाऱ्यांचीच बेरीज देतो.

शेवटचं काम, आणि हे रिकाम्या ओळी काढून झाल्यावरच, आधी नाही. 'विंग' असा वेगळा कॉलम टाका आणि ते 'ए विंग' चं मर्ज केलेलं हेडिंग काढून टाका. जॉइंट ओनरच्या ओळीत फ्लॅट नंबर भरायला बाजूच्या मोकळ्या कॉलममध्ये असं सांगायचं की फ्लॅट नंबर असेल तर तो घे, नसेल तर तुझ्याच वरच्या सेलमधला घे. खाली ओढा, कॉपी करा, कंट्रोल शिफ्ट व्ही ने फ्लॅट नंबरच्या कॉलमवर नुसत्या किमती पेस्ट करा. रिकाम्या ओळी असताना हे केलंत तर त्यांनाही फ्लॅट नंबर मिळेल आणि त्या कायमच्या सभासद होतील. विंगा वेगळ्या दिसायला हव्यात तर जाड बॉर्डर द्या नाहीतर रंग द्या, मोकळी ओळ सोडू नका.

मग विंग आणि फ्लॅट नंबर एकत्र करून काउंटयुनिक लावा, तो वेगवेगळे किती आहेत ते मोजतो. गाळे धरून ११८ यायला हवेत. ११७ आले तर व्हर्जन हिस्टरी उघडा, एखादी ओळ जास्त गेलीय. ११९ आले तर कुठेतरी ३०२ च्या पुढे स्पेस आहे, आणि तुमच्या स्क्रीनशॉटमधली ५७ नंबरची ओळ मी आधी बघेन, ती दिसायला कोरी आहे पण बाजूच्या सेलला रंग लागलाय.